अण्णांचा डुप्लिकेट

आल्हाद कुंट्यांनी शेलवणचा पूर सत्त्याण्णव टक्के बरोबर आणून दाखवला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवायचा मला पगार मिळत नाही. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या कामात खोट कुठे आहे ते शोधायचं, हा माझा धंदा. सरकारी भाषेत त्याला ‘पडताळणी अधिकारी’ म्हणतात. सहकारी मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.

दोन हजार एक्केचाळीस सालचा फेब्रुवारी होता. पुण्यातल्या त्या सभागृहाच्या भिंतीवर शेलवण गाव उभं होतं. नदी, पूल, वरच्या अंगाला धरण, आणि नदीकाठापासून शाळेच्या उंचवट्यापर्यंत चढत गेलेली, एकमेकींना चिकटलेल्या सव्वीस दुमजली घरांची बाजारपेठ. गाव कोकणातलं आणि माझंच. त्या सव्वीसातलं एकविसावं घर आमचं, खातूंचं.

हे भिंतीवरचं गाव म्हणजे ‘प्रतिनगर’. पूर्वी पुराचा अंदाज बांधताना पाण्याचं गणित करायचे आणि माणसं नुसती मोजायचे. प्रतिनगरात तसं नसतं. गावातल्या प्रत्येक माणसामागे तिथे एक माणूस असतो. त्याचं वय, त्याचे गुडघे, घरात कोण आजारी, भोंगा झाला की तो आधी काय करील, शेजारी निघाला की तोही निघेल का, असे थोडेसे नियम त्याला दिलेले असतात. मग सगळ्यांना एकदम सोडायचं आणि गाव मिळून काय करतं ते बघायचं. पूर आल्यावर पेठ कशी वागेल हे कोणीही यंत्राला सांगत नाही. ते त्या हजारो लहान लहान वागण्यांतून आपोआप तयार होतं. शास्त्रज्ञ या माणसांना फार भारदस्त नाव देतात. शेलवणचे लोक त्यांना ‘डुप्लिकेट’ म्हणतात. कायद्याने प्रत्येकाला आपला डुप्लिकेट फोनवर बघायचा हक्क आहे आणि आमचे लोक तो हौसेने बजावतात.

कुंट्यांच्या प्रतिनगराने दोन हजार तीसचा पूर पुन्हा घडवला होता. किती माणसं किती वाजता शाळेत पोचली, याचा आलेख खऱ्या आकड्यांवर जवळजवळ चिकटून बसला होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र माझ्या गावाच्या मुळावर येणारा होता. पेठेतले लोक हट्टी आहेत, भोंगा झाला तरी घर सोडत नाहीत, शेवटी होड्या घालून त्यांना काढावं लागतं. धरणातून यापुढे पाणी जास्त वेगाने सोडावं लागेल, तेव्हा होड्यांना वेळच मिळणार नाही. म्हणून पेठ उठवून माळावर नवी वसवावी.

“खातू मॅडम, तुम्ही तिथल्याच ना?” निर्णय घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

“हो. आणि ते मी पहिल्याच दिवशी लेखी दिलंय. मला बदलायचं असेल तर बदला.”

“बदलत नाही. पण तुम्ही जे काही म्हणाल त्याला पुरावा लागेल. इतरांना लागतो त्याच्या दुप्पट.”

मला ते आवडलं. मीही त्यांच्या जागी तेच म्हणाले असते.

आता थोडं माझ्या धंद्याविषयी. वर्गात एखादं पोर शेजाऱ्याच्या वहीत बघून गणिताचं उत्तर बरोबर लिहितं. उत्तर बरोबर असतं, पोराला गणित येत नसतं. मॉडेलांचंही असं होतं. त्यांना फिरवायच्या कळा असतात: हट्ट किती, भीती किती, होडीचा वेग किती. या कळा पिळत राहिलं की झालेला कुठलाही पूर हुबेहूब घडवता येतो. म्हणून शेवटचा आकडा जुळला यावर मी कधीच समाधान मानत नाही. मी मधल्या पायऱ्या बघते. आणि खरी परीक्षा असते ती मॉडेलाने कधीच न पाहिलेल्या घटनेची. आधी भाकीत लिहून मोहोरबंद करायचं, मग वाट बघायची.

मधल्या पायऱ्या बघायला मला दोन दिवस पुरले. प्रतिनगरातल्या होड्या पेठेत इतक्या फेऱ्या मारत होत्या की त्यांना पंख असावेत. तीस साली शेलवणात होड्या होत्या दोन, आणि त्यातल्या एकीचं इंजिन दुपारीच बंद पडलं होतं. मग एवढी माणसं शाळेत पोचली कशी? रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत तर कोणी दिसत नव्हतं. मी त्या साली पुण्यात शिकत होते. “आम्ही शाळेत सुखरूप आहोत,” एवढा निरोप घरून आला होता आणि कसे पोचलात हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

मी कुंट्यांकडे गेले. “फोनच्या ठिकाणांच्या नोंदी तुम्ही वापरल्यात. गाळलेल्या कुठल्या?”

कुंटे प्रामाणिक माणूस. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्यांनी काही लपवलं नाही. “ज्या अशक्य होत्या त्या गाळल्या. पावसात सिग्नल बिघडतो. काही ठिपके चक्क भिंतीतून जात होते.”

“ते द्या.”

गाळलेले ठिपके मी नकाशावर मांडले आणि एकटीच हसत सुटले. एक ठिपका तिसऱ्या घरातून चौथ्यात, चौथ्यातून पाचव्यात, असा वर वर सरकत शाळेत. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे दहा. अख्खी पेठ भिंतींतून चालत गेली होती.

“हे काय आहे?” कुंटे खुर्ची ओढून बसले.

“मधलं दार,” मी म्हटलं. “आमच्या पेठेत दोन घरांच्या सामाईक भिंतीत, वरच्या मजल्यावर एक दार असतं. मिरगाला त्याची कडी काढायची आणि दसऱ्याला लावायची. पावसाळाभर ते उघडं. लहानपणी आम्ही पोरं पहिल्या घरातून शेवटच्या घरापर्यंत धावायचो आणि वाटेत सगळ्यांच्या शिव्या खायचो. ते कशासाठी असतं हे कधी कोणी सांगितलं नाही. पाणी चढलं की वर सरकायची वाट म्हणून असेल.”

“तुम्ही हे आधी का नाही बोललात?”

“आधी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, गावची पोरगी गावाची बाजू घेते. आता तुमचेच ठिपके बोलतायत.”

कुंट्यांनी पडद्यावरचा एक ठिपका तिसऱ्या घरापासून शाळेपर्यंत बोटाने नेला. मग म्हणाले, “म्हणजे लोक हट्टी नव्हते. आम्हाला दार माहीत नव्हतं.” ते असं सरळ म्हणाले याचं मला कौतुक वाटलं. माझ्या अनुभवात दहांतले नऊ जण तसं म्हणत नाहीत.

मी शेलवणला गेले ती दारं मोजायला. कुंट्यांचा एक सहायक मोजमापं घेत होता, मी विचारपूस करत होते. घरोघर चहा. दारं सगळी शाबूत. कुठे दारावर कांदे टांगलेले, कुठे दारात शिवणयंत्र, पण कडी काढली की वाट मोकळी. वीस नंबर रेडीजकाकांचं. त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही मधल्या दाराशी आलो आणि काकांनी नुसती मान हलवली. “पलीकडनं बंद हाय. तुझ्या बापूसाला विचार.”

मला भांडण ठाऊक होतं. पण घरातल्या भांडणाचा पुराच्या वाटेशी संबंध असतो हे ध्यानात यायला मला अकरा वर्षं लागली. अण्णा आणि रेडीजकाका एकाच भजनी मंडळात. काका बुवा, अण्णा पखवाजावर. तीस सालच्या कार्तिकात, म्हणजे पुरानंतर तीन-चार महिन्यांनी, डबलबारीचा सामना झाला. दोन बुवा समोरासमोर, रात्रभर भजनातून सवाल-जवाब. काका हरले. आणि भर मंडपात, माइकवरून म्हणाले, “पखवाज चुकला.” अण्णा घरी आले, मधल्या दाराला कुलूप घातलं, दारासमोर शिसवी कपाट सरकवलं, पखवाज त्या कपाटात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला नाही.

मी घरी आले. अण्णा झोपाळ्यावर होते. भांड्यांचं दुकान आता बंद केलंय, पण बसण्यात रुबाब तोच.

“अण्णा, ते दार उघडायला हवं.”

“कोण सांगतं? माझी मुलगी की सरकार?”

“दोन्ही समजा. पूर आला तर खालच्या वीस घरांची माणसं तुमच्या भिंतीशी येऊन अडकतील. तेव्हा तरी उघडाल?”

“रेडीजाच्या घरातनं मुंगीसुद्धा इकडे येणार नाय. लिहून घे.”

आई आतून म्हणाली, “अहो, काहीतरी काय बोलता!” ती स्वतः रोज दुपारी सज्ज्यातून रेडीजकाकूंशी बोलते आणि वाटीतून आमसुलाची चटणी इकडून तिकडे जाते. अण्णांना ते दिसतं. ते दिसत नसल्यासारखं करतात.

मी नगरपालिकेला रीतसर कळवलं. पालिकेने अण्णांना नोटीस दिली. अण्णांनी ती कपाटाच्या खणात ठेवून दिली.

आता खरा प्रश्न आला. नव्या प्रतिनगरात सगळी दारं घातली, माणसं सोडली, आणि चित्र पालटलं. होड्या लागेनात, माणसं वर सरकू लागली आणि एकविसाव्या घराच्या भिंतीशी येऊन थांबली. वीस घरांचे लोक रेडीजकाकांच्या माळ्यावर दाटीवाटीने उभे. पलीकडे अण्णांचा डुप्लिकेट. कुंट्यांनी विचारलं, “याला नियम काय द्यायचा? उघडेल की नाही?” आणि मग, “मी लिहू का?”

“नको. पडताळणी माझी आहे.”

मुलगी म्हणून मला खात्री होती की माझा बाप माणसं बुडताना बघत बसणार नाही. पण खात्री हा पुरावा नव्हे. पुराव्यात काय होतं? अकरा वर्षं बंद असलेलं दार, खणात ठेवलेली नोटीस आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य. दुसऱ्या कुठल्या घराबद्दल एवढा पुरावा असता तर मी क्षणभर विचार केला नसता. मी लिहिलं: घर क्रमांक एकवीस, दार उघडणार नाही.

मे महिन्यात दोन्ही भाकितं समितीकडे मोहोरबंद झाली. जुनं मॉडेल म्हणत होतं, लोक निघणारच नाहीत. नवं म्हणत होतं, लोक निघतील, पण एकविसाव्या घराशी अडकतील. दोन्हींचा शेवट एकच होता: होड्या, उशीर आणि पेठ उठवणं. समितीने एक पावसाळा दिला. पाणी चढलं तर खरं काय ते कळेल. त्यासाठी सहा मोटरबोटी आणून ठेवल्या, म्हणजे परीक्षेपायी कोणाच्या जिवाशी खेळ नको. पण भिंतीशी माणसं अडकली आणि बोटी लागल्या, की पेठेचं काम संपलं.

जूनमध्ये अण्णांचा फोन आला. मला ते सहसा फोन करत नाहीत.

“मी माझा डुप्लिकेट बघितला,” ते म्हणाले. “कपाटाला पाठ लावून उभा हाय. पलीकडे माणसं. पोरंबाळं. आणि हा उभा.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“बापाने रागात बोललेलं तू सरकारदरबारी जमा केलंस, ऋजुता?”

“अण्णा, तुम्हीच म्हणालात, लिहून घे.”

फोन बंद झाला. मला रडू आलं आणि रागही आला. तो त्यांच्यावर होता की माझ्यावर, हे ठरवायच्या भानगडीत मी पडले नाही. नंतर आईचे फोन येत राहिले. अण्णा फोनवर आलेच नाहीत. “दिवसभर फोनात त्या माणसाला बघत बसतात,” आई म्हणाली. “जेवायला उठवावं लागतं.”

ऑगस्टमध्ये धरणक्षेत्रात तीन दिवस धो धो पाऊस झाला आणि एका दुपारी दरवाजे उघडायचा निर्णय झाला. मी आणि कुंटे शाळेच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. तिथेच नियंत्रण कक्ष होता. समोर दोन पडदे. डावीकडे प्रतिनगर, उजवीकडे खरं शेलवण, फोनच्या ठिपक्यांचं. भोंगा झाला आणि दोन्हीकडे माणसं हलू लागली.

पहिल्या पाच मिनिटांतच जुनं मॉडेल निकालात निघालं. लोक हट्टी नव्हते. पहिल्या घरातले दुसऱ्यात आले, दुसऱ्यातले तिसऱ्यात. ठिपके भिंतींतून चालत होते. या वेळी ते कोणी गाळले नाहीत. रस्त्यावर पाणी चढत होतं आणि माझी पेठ त्याच्यावरून कोरडी चालत होती. अकरा वर्षांत कोणी तालीम घेतली नव्हती, फलक लावला नव्हता, तरी म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळ्यांना वाट ठाऊक होती.

“वीस नंबर,” कुंटे हळूच म्हणाले.

रेडीजकाकांच्या घरात ठिपके साचायला लागले. डाव्या पडद्यावर साचले, उजव्या पडद्यावर साचले. अण्णांचा ठिपका मला शोधावा लागला नाही. डावीकडे तो दाराशी उभा होता. उजवीकडेही तो दाराशीच उभा होता. हलत नव्हता. दोन्ही पडदे इतके सारखे दिसत होते की कुणी अदलाबदल केली असती तर कळलं नसतं.

“भाकीत जुळतंय,” कुंटे म्हणाले आणि लगेच ओशाळले. “सॉरी, मॅडम.”

धंद्यातला माणूस भाकीत जुळलं की खूश होतो. मी इतकी दुःखी कधीच झाले नव्हते. बोटींची तयारी करा, असं मी वायरलेसवर सांगितलं. मी आईला फोन लावला, लागला नाही. दहा मिनिटं गेली. पाऊण पेठ रेडीजकाकांच्या माळ्यावर आणि त्यामागच्या दोन घरांत अडकून होती. तास-दीड तासात पाणी वरच्या मजल्याला लागलं असतं. बोटी सोडायला मी वायरलेसचं बटण दाबलं.

“थांबा!” कुंटे ओरडले.

उजव्या पडद्यावर एक ठिपका भिंत ओलांडून आमच्या घरात आला होता. मग दुसरा. मग तिसरा. डाव्या पडद्यावर गर्दी होती तिथेच होती. उजवीकडे एकविसावं घर उघडलं होतं.

आणि पुढे जे दिसलं ते मी किंवा कुंट्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. अरुंद दाराशी गर्दी आली की माणसं रेटतात, अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. प्रत्येक मॉडेलात हे होतं आणि प्रत्येक खऱ्या गर्दीतही. इथे माणसं एकामागे एक, सारख्या अंतराने बाहेर पडत होती. एक, मग क्षणभर थांबून दुसरा, तेवढंच थांबून तिसरा. दोरीत मणी ओवावेत तसे.

“हे कशाने होतंय?” कुंट्यांनी विचारलं. “असा एकही नियम आपण लिहिलेला नाही.”

मला माहीत नव्हतं. मी वायरलेस त्यांच्या हातात दिला आणि धावत सुटले. शाळेच्या पडवीतून सव्विसाव्या घराचा माळा, तिथून पंचविसावा. समोरून माणसं येत होती. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा. कोणी ढकलत नव्हतं. मला ओळखून बायका म्हणत होत्या, “जा गो, जा, बघ तुझ्या बापूसाला.” तेविसाव्या घरात मला ठेका ऐकू आला.

आमच्या माळ्यावर दार नव्हतंच. म्हणजे चौकट होती; दार बिजागऱ्यांसकट उपटून काढलं होतं. रेडीजकाकांचा माळा आमच्यापेक्षा हातभर खाली आहे, तिथे ते उताराच्या फळीसारखं टाकलं होतं आणि त्यावरून माणसं वर चढत होती. पलीकडे रेडीजकाका उभे राहून गजर गात होते. मागचे सगळे ओळ न् ओळ परत म्हणत तो झेलत होते. आणि कपाटाला पाठ टेकून, घामाने निथळत, अण्णा जमिनीवर बसले होते. हातांची सालटी निघालेली. शेजारी पहार पडलेली. डाव्या-उजव्या हाताने ते मांडीवर घेतलेल्या कपाटाच्या खणावर ठेका धरत होते. समेवर एक माणूस फळी चढायचा, पुढच्या समेवर दुसरा. डोळे मिटलेले, ठेका मात्र घड्याळासारखा.

आई एकेकाला हात देऊन वर घेत होती. मला बघून म्हणाली, “भोंगा झाला तसे पहार घेऊन भिडलेत. कुलूप गंजलं होतं, लाकूड फुगलं होतं. कपाट एकट्याने सरकवलंन्. मी हाक मारते कुणाला तरी, तर ऐकायला तयार नाहीत.”

भोंगा झाल्यापासून. मी पडद्यावर बघत होते तेव्हा हा माणूस दार फोडत होता. डुप्लिकेट दाराकडे पाठ करून उभा होता आणि अण्णा दाराकडे तोंड करून. ठिपका दोघांचा सारखाच. शेवटचा आकडा जुळला तरी विश्वास ठेवू नका, असं साऱ्या दुनियेला बजावत फिरणारी मी, दोन ठिपके जुळलेले बघून माझ्या बापाबद्दल निकाल देऊन मोकळी झाले होते.

शेवटचा माणूस वर आला ते रेडीजकाका स्वतः. त्यांनी गजर संपवला, अण्णांनी तिहाई वाजवली आणि हात थांबवले. मग रेडीजकाका, फळीवर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आज ठेका चुकला नाय हो, अनंतराव.”

अण्णांनी डोळे उघडले. “त्या दिवशीपण नव्हता चुकला.”

“बरं,” काका म्हणाले. “नव्हता.”

पेठ हसली. अकरा वर्षांचं ते भांडण एवढ्यावर मिटलं. मी अण्णांचे हात माझ्या ओढणीने पुसत होते.

“लिहिलंस ना, उघडणार नाय म्हणून?” त्यांनी मला विचारलं.

“लिहिलं.”

“मग आता काय लिहिशील?”

“चुकले म्हणून लिहीन.”

“लेखी?”

“लेखी. सहीनिशी.”

“हं,” अण्णा म्हणाले आणि रेडीजकाकांकडे बघून मिशीत हसले. माणसाने चूक कबूल केली तर ती लेखी असावी, हे त्यांचं अकरा वर्षांपासूनचं म्हणणं असावं.

सप्टेंबरात समितीसमोर अहवाल ठेवला. एकही बोट लागली नव्हती. पेठ जागच्या जागी राहिली. मधली दारं अधिकृत सुटकेची वाट म्हणून नोंदली गेली. अध्यक्षबाईंनी नेमका प्रश्न विचारला. “तुमच्या वडिलांनी डुप्लिकेट बघितला नसता तर त्यांनी दार उघडलं असतं का? मॉडेल चुकीचं होतं, की त्यांनी ते वाचलं म्हणून चुकीचं ठरलं?”

“सांगता येत नाही,” मी म्हटलं. “ढगांचं भाकीत केलं तर ढग ते वाचत नाहीत. माणसं वाचतात. आपण गावाला आरसा दाखवला की गाव केस नीट करतं. त्यामुळे यापुढे अशा प्रत्येक मॉडेलाच्या पडताळणीत एक ओळ हवी: ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी हे बघितलंय का? आणि दुसरी: गाळलेलं काय आहे?”

बाहेर आल्यावर कुंटे म्हणाले, “तुमचे वडील काही मॉडेलात बसत नाहीत, मॅडम.”

“घरीही आमची तीच तक्रार आहे,” मी म्हटलं.

ते हसले. पण खरं सांगते, त्या क्षणी मला इतका अभिमान वाटत होता की पाय जमिनीला लागत नव्हते. माझ्या धंद्यात चूक सापडणं ही रोजची गोष्ट. चूक माझी निघावी आणि मी मिरवत फिरावं, हे पहिल्यांदाच झालं.

अहवालाच्या शेवटी ‘भाकितातल्या चुका’ असं एक पान असतं. एरवी ते मी दुसऱ्यांसाठी लिहिते. या वेळी त्यात एकच नोंद होती. ‘घर क्रमांक एकवीस. भाकीत: दार उघडणार नाही. प्रत्यक्षात: भोंगा होताच उघडायला सुरुवात. चूक पडताळणी अधिकाऱ्याची.’

कचेरीत मी नेहमी आर. ए. खातू अशी आखूड सही करते. त्या पानाखाली मी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढून लिहिलं: ऋजुता अनंत खातू.